लाडूचे बाबा

सोसायटीच्या नामफलकावर त्यांचं नाव आहे, आडनाव आहे, विंग आणि फ्लॅट नंबरही आहे. पण दूधवाल्यापासून चेअरमनपर्यंत सगळे त्यांना ‘लाडूचे बाबा’ म्हणूनच ओळखतात. नवा माणूस भेटला की तेही आपली ओळख तशीच करून देतात. सारी नोकरी बँकेत झाली आणि शाखाधिकारी म्हणून निवृत्त झाले. एके काळी ह्यांच्या सहीसाठी लोक केबिनबाहेर ताटकळत बसायचे. हल्ली हे रोज पहाटे हातात कागदी पिशवी घेऊन एका लॅब्रॅडॉरच्या मागे ताटकळत उभे असतात.

असा एक गृहस्थ पुण्यात कोथरूडपासून बाणेरपर्यंत प्रत्येक सोसायटीत सापडतो आणि तो घडतोही एकाच पद्धतीने. मुलगा कॉलेजात असताना एक दिवस पिल्लू घेऊन येतो. बाप गरजतो, “ह्या घरात एक तर मी राहीन, नाहीतर कुत्रं!” पुढे मुलगा एम. एस. करायला जर्मनीला जातो आणि घरात बाप आणि कुत्रं दोघंही राहतात. पहिले सहा महिने बाप त्याला ‘हे कुत्रं’ म्हणतो, मग ‘तो’, मग ‘आमचा’. वर्ष संपायच्या आत तो पंख्याखाली कोण झोपणार ह्यावरून बायकोशी भांडतो, आणि ते भांडण स्वतःसाठी नसतं. मुलगा व्हिडिओ कॉल करतो तेव्हा आधी “लाडू कुठाय?” विचारतो. बापाला त्याचं काहीही वाटत नाही. तोही फोन उचलायच्या आधी लाडूलाच कॅमेऱ्यासमोर बसवतो.

थंडी पडू लागली की इतरांना हुरडा, सवाई आणि गोव्याचं बुकिंग आठवतं. लाडूच्या बाबांना जोखीम आठवते. मार्गशीर्ष लागला की ते एक लांबडी वही काढतात. तीत पट्टीने रकाने आखलेले असतात: सण, धोका, उपाय, जबाबदार व्यक्ती. शेवटच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत ‘सौ.’ लिहिलेलं असतं.

पहिली नोंद चंपाषष्ठीची. सौ.चं माहेर खंडोबाचं. त्या दिवशी भरीत-रोडग्याचा नैवेद्य आणि त्यातला घास कुत्र्याला, ही त्यांच्याकडची पिढीजात रीत. खंडोबाच्या दारी कुत्र्याचा मान मोठा, आणि मानकरी तर घरातच पाय पसरून झोपलेला. पण भरतात कांद्याची पात असते, लसूण असतो, आणि कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. त्यावरून दरवर्षी स्वयंपाकघरात खडाजंगी होते. “खंडोबा समजून घेईल, हिमोग्लोबिन समजून घेणार नाही,” हे बाबांचं अंतिम वाक्य. शेवटी तडजोड म्हणून लाडूला कोरडा रोडगा मिळतो. तो अर्ध्या सेकंदात संपवून भरताच्या भांड्याकडे भक्तिभावाने पाहत बसतो.

दत्तजयंतीला मात्र धोका शून्य, म्हणून उत्साह शंभर टक्के. दत्ताच्या तसबिरीतली चार कुत्री म्हणजे चार वेद, असं मानतात. बाबा त्या तसबिरीसमोर लाडूला बसवून फोटो काढतात आणि नातेवाइकांना पाठवतात: ‘आमचा पाचवा.’ महाभारताला पाचवा वेद म्हणतात, ह्याची आठवण मी एकदा करून दिली होती. “लाडूचं चरित्रही तेवढंच मोठं होईल,” ते म्हणाले.

सवाई गंधर्व महोत्सवाला ते वर्षानुवर्षं जातात. पण आता शेवटच्या कलाकाराआधी उठतात. अख्ख्या पुण्यात हे पाप करणारे हातावर मोजण्याइतके, आणि त्यातले बहुतेक लाडूच्या बाबांच्या जातीचे. आजूबाजूचे रसिक खाऊ की गिळू अशा नजरेने पाहत असतात. हे गुडघे वाकवून, कमरेत झुकून, खुर्च्यांमधून सरकत पुटपुटतात, “घरी तो एकटा आहे हो.” लोकांना वाटतं आजारी वडील असतील, मग लोक पाय आखडून वाट देतात.

ह्या सगळ्यात मला सर्वांत आवडतो तो हुरड्याचा दिवस. शहराबाहेर कुणाच्या तरी शेतावर मंडळी जातात. आगटी पेटलेली असते, कणसं भाजून हातावर चोळली जात असतात, शेंगदाण्याची चटणी, गूळ आणि रेवड्या फिरत असतात. गाडीतून आधी सतरंजी, पाण्याचं भांडं, पाण्याचा कॅन, टॉवेल आणि प्रथमोपचाराची पेटी उतरते, मग बाबा, आणि सर्वांत शेवटी स्वेटर घातलेला लाडू. हा स्वेटर सौ.नी विणलेला, लाल, पाठीवर पांढरा हिमकण. लॅब्रॅडॉरचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या गोठवणाऱ्या समुद्रात कोळ्यांची जाळी ओढायचे. त्यांच्या अंगावर दुहेरी केस असतात, आतला थर उबेचा आणि बाहेरचा पाणी न शिरू देणारा. अशा घराण्यातला हा वंशज पुण्याच्या बारा अंशांत लोकरीत गुंडाळलेला, जीभ बाहेर काढून धापा टाकत असतो. बाबा म्हणतात, “बघा, थंडीने कसा श्वास लागलाय त्याला.”

शेतावरची दोन गावठी कुत्री लांबून हे पाहत बसलेली असतात. एक उठून जवळ येतं, स्वेटरचा वास घेतं, हिमकणापाशी थबकतं आणि परत जाऊन जोडीदाराशेजारी बसतं. त्यांच्यात काय बोलणं झालं असेल ते मला नेमकं सांगता येतं, पण बाबांसमोर सांगता येत नाही. तेवढ्यात आगटीतून कणीस पडतं आणि लाडू झेपावतो. पट्टा ताणला जातो, बाबा सतरंजीसकट दोन हात पुढे सरकतात आणि ओरडतात, “आग! आग!” सगळे दचकून उठतात. पंधरा मिनिटांनी कुणीतरी प्रेमाने विचारतं, “स्वेटर काढू का त्याचा?” काढतात. लाडू मातीत चार कोलांट्या घेतो, गावठींच्या मागे सुसाट धावतो, आणि पुढचा तासभर शेतावर कुणी सुखी असेल तर तो एकटाच.

नाताळच्या सुट्टीत मुलगा येतो. म्हणजे घरी पाहुणे, कॅम्पातून आणलेला प्लम केक, खिडकीत चांदणी आणि दिव्यांच्या माळा. बाबा पुण्याचे असल्यामुळे संरक्षणाचं काम पाट्या करतात. दारावर: ‘दार ओढून घ्यावे. कुत्रा चावत नाही, पळतो.’ दिवाणखान्यात: ‘लाडूला काहीही देऊ नये. तो उपाशी नाही, नट आहे.’ दिव्यांच्या माळेखाली, जमिनीपासून फूटभर उंचीवर: ‘वायर चावू नये.’ ही पाटी कुणासाठी, असं विचारल्यावर बाबा गप्प राहिले.

आणि केक! प्लम केकमध्ये मनुका आणि बेदाणे ठासून भरलेले. द्राक्ष आणि त्याचं सगळं वाळवण कुत्र्याच्या मूत्रपिंडावर घाला घालू शकतं, आणि किती खाल्लं म्हणजे धोका, हे आधी सांगता येत नाही. चॉकलेटमधलं थिओब्रोमिन कुत्र्याच्या शरीरातून लवकर बाहेर पडत नाही, आणि चॉकलेट जितकं काळं आणि कडू तितकं वाईट. मधुमेही पाहुण्यासाठी आणलेल्या साखरमुक्त मिठाईत झायलिटॉल असलं तर ते सर्वांत घातक. बाबांना हे सगळं पाठ आहे आणि ते पाहुण्याच्या घशाखाली घास उतरायच्या आत म्हणून दाखवतात. तरीही एखादे मामा टेबलाखाली हात नेतातच. “एका घासाने काय होतंय?” असं ते म्हणायचा अवकाश, बाबांचा आवाज एकदम शाखाधिकाऱ्याचा होतो. “कर्जदारही हेच म्हणायचे. एका हप्त्याने काय होतंय!” मामा केक स्वतः खातात.

लाडू खरोखर उपाशी नसतो का? २०१६ साली केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांना लॅब्रॅडॉरमध्ये एक जनुकीय बदल सापडला. तो असलेल्या कुत्र्याला खाण्याची ओढ जास्त असते, आणि साधारण चारांतल्या एका लॅब्रॅडॉरमध्ये तो असतो. लाडूची तपासणी कुणी केलेली नाही, पण त्या चारांतला एक आपल्याच घरी आहे ह्याबद्दल बाबांना शंका नाही. ते अभिमानाने म्हणतात, “जीनमध्येच आहे.” मुलाच्या दहावीच्या मार्कांच्या वेळी जीनचा हा मुद्दा त्यांना सुचला नव्हता.

समोरच्या विंगमधल्या मांजरवाल्या वहिनींचं तंत्र वेगळं. त्यांनी घरात नाताळचं झाड उभं केलं, बोक्याने ते एका रात्रीत आडवं केलं आणि त्या म्हणाल्या, “त्याला नसेल आवडलं.” त्यांनी चमचमती जर काढून टाकली, कारण ती बोक्याच्या पोटात गेली तर आतड्यात अडकते. भेट आलेला लिलींचा गुच्छ त्यांनी दारातूनच परत पाठवला, कारण लिलीचे परागकणसुद्धा मांजराच्या मूत्रपिंडाला पुरतात. एवढं करून त्या शांतपणे टीव्ही बघत बसल्या. वही नाही की पाट्या नाहीत. लाडूचे बाबा त्यांना ‘बेफिकीर’ म्हणतात.

एका वर्षी कोकणात जायचं ठरलं. रेल्वेने न्यायचं तर वातानुकूलित प्रथम वर्गात दोन किंवा चार बर्थचा अख्खा कप्पा आपल्या नावावर लागतो, नाहीतर कुत्र्याची रवानगी गार्डच्या डब्यातल्या पेटीत होते. पेटीचं नाव काढताच बाबांचे डोळे भरून आले. मग लाडू आणि बाबा कूपेने आणि सौ. व मुलगा त्याच गाडीच्या स्लीपरने, असा प्रस्ताव त्यांनी मांडला. ती सुट्टी पुण्यातच साजरी झाली.

सगळ्याचा कळस म्हणजे ३१ डिसेंबर. सर्वोच्च न्यायालयाने २३ ऑक्टोबर २०१८ च्या निकालात नाताळ आणि नववर्षाच्या रात्री फटाक्यांना ११.५५ ते १२.३० एवढीच मुभा दिली. हा निकाल सोसायटीत एकाच माणसाने वाचला आहे. तीस तारखेपासून तो सोसायटीच्या ग्रुपवर रोज सकाळी पडतो, ‘शुभ प्रभात’च्या जागी. गच्चीवर जमलेल्या पोरांना बाबा गाठतात आणि सांगतात की माणसाला वीस हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला चाळीस हजारांच्याही पुढे. पोरं “हो काका” म्हणतात आणि लवंगी मागे लपवतात.

त्या संध्याकाळी अंधार पडायच्या आत लाडूचं फिरणं उरकलेलं असतं, कारण आवाजाला घाबरून पट्टा सोडवून पळालेलं कुत्रं शोधत नव्या वर्षाची पहाट उजाडते. गळपट्ट्यावर फोन नंबरची चकती. पशुवैद्याला आठवडाभर आधी विचारून झालेलं असतं, कारण घरातली झोपेची गोळी मनाने द्यायची नसते. दहा वाजता खिडक्या बंद, पडदे ओढलेले, भीमसेनांचा मालकंस मोठ्या आवाजात. साडेअकराला लाडू स्वतःच न्हाणीघरात जातो आणि बादलीमागे बसतो. बाबाही जातात. पाटावर बसतात, कानटोपी घालतात आणि त्याच्या पाठीवर हात ठेवतात. बाहेर बारा वाजतात. नवं वर्ष सुरू होतं ते असं, ओल्या फरशीवर.

सौ. बाहेरून विचारतात, “हॅपी न्यू इयर म्हणायचं का?” “हळू म्हण,” आतून उत्तर येतं.

आता माझं मत. हा माणूस हास्यास्पद आहे आणि स्वेटर सोडला तर त्याचं सगळं बरोबर आहे. मनुका, वायर, दार, पट्टा, फटाके ह्यांतल्या एकाही बाबतीत मला त्याची चूक काढता आलेली नाही. कोण्या पशुवैद्यालाही यायची नाही.

१२.३० ला न्हाणीघराचं दार उघडतं. बाबा घड्याळ बघत गॅलरीत येतात आणि त्यांच्या हातात तीच लांबडी वही असते. तेव्हा आमच्या सोसायटीत नववर्षाला पाहुणे म्हणून येणाऱ्यांना एवढंच सांगणं: लाडूला लाडू देऊ नका, दार ओढून घ्या, आणि १२.३१ ला फटाका लावणार असाल तर ज्यांच्याकडे आला आहात त्यांचा फ्लॅट नंबर नीट विचारून ठेवा. सकाळी ग्रुपवर तो पडणार आहे.