लॅपटॉपचं भारनियमन
'कसमादे' म्हणजे कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा; त्यातल्या 'दे'चे, म्हणजे देवळ्याचे आम्ही रहिवासी. लाईट येण्याजाण्याचं आम्हाला कौतुक नाही. पण घरात लाईट असताना लॅपटॉपनं स्वतःचंच भारनियमन सुरू करावं? पिन डावीकडे दाबली की चार्जिंग सुरू, हात काढला की बंद. शेवटी पिनेखाली कांदा विकल्याच्या पट्टीची घडी सरकवली. भाव असा मिळाला होता, की त्या कागदाचा एवढाच उपयोग उरला होता.

सल्ले फुकट. एक म्हणे बॅटरी बदला, दुसरा म्हणे विंडोज नवी टाका. शेजारचे नाना म्हणाले, "आधी स्टार्टर बघ!" हसलो खरा, पण मोटार बंद पडली की नाना आधी फ्यूज, मग स्टार्टर, मग केबल बघतात, मोटार विहिरीतून काढतात ती शेवटी. तीच रीत लावली. भिंतीवरचा बोर्ड बदलून पाहिला, तेच. पुतण्याचा तसाच 19 व्होल्टचा चार्जर लावला, तरी तेच. म्हणजे दोष लॅपटॉपच्याच जॅकमध्ये. मांडीवर घेऊन, वायर ओढून ओढून त्याचा सोल्डरचा डाग आम्हीच सोडवला होता.

एका दुकानदारानं न उघडताच "मदरबोर्ड गेला" असं जाहीर केलं. दुसऱ्यानं नवा जॅक बसवून दिला. घरी येऊन चार्जर लावला. लाईट गेलेली होती.