काही अंशी नंदू

हल्ली प्रत्येक घराण्यात एक तरी सर्व्हेवाला निपजतो. तुमच्याकडेही असेलच. आमच्याकडे नंदू आहे, बायकोचा मावसभाऊ. २०२४ च्या विधानसभेआधी तो एका एजन्सीत कानाला हेडफोन लावून बसला. तेव्हापासून हा मुलगा बोलतच नाही, मुलाखत घेतो.

"आमटी कशी झालीय रे?" हिने विचारलं. "काही अंशी समाधानी," नंदू म्हणाला. ही फुगली, तर वर समजूत काढतो, "ताई, रिपोर्टात 'पूर्ण' आणि 'काही अंशी' एकत्रच धरतात. म्हणजे तू निवडून आलीस!" राज्यातली निम्मीअधिक धोरणं अशीच लोकप्रिय होत असावीत.

मुलगी बघायला गेला तिथेही तेच. पोहे यायच्या आत विचारलं, "लग्नानंतर वेगळं राहण्याशी आपण पूर्णपणे सहमत, काही अंशी सहमत, काही अंशी असहमत की पूर्णपणे असहमत?" मुलगी हुशार निघाली. "पाचवा पर्याय नाही का?" म्हणाली. नंदूचा चेहरा उतरला. पाचवा असतो, 'सांगता येत नाही', पण तो वाचून दाखवायचा नसतो. दाखवला की निम्मा महाराष्ट्र त्याच्या आड जाऊन बसतो.

प्रश्न छापलाय तसाच वाचायचा, अर्थ सांगायचा नाही, हाही नियमच. 'प्रस्तुत धोरण' मालवणकडच्या एका आजीपर्यंत पोचलं. "मेल्या, आधी लाईट येवंदे, मगे सांगतंय!" नंदूने तोच प्रश्न त्याच सुरात पुन्हा वाचला. पुढचं मालवणी इथे छापण्यासारखं नाही.

हजारभर माणसं चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडली, तर नऊ कोटींवर मतदारांचा कल तीन टक्के इकडेतिकडे कळतो, हे तो पंगतीत जिलबी वाढतानाही सांगतो. वैताग असा की ते खरं आहे. फोन आपटणाऱ्यांचं काय, असं विचारलं की मात्र त्याला मठ्ठा हवा असतो.

पण एक गोष्ट कबूल करायला हवी. फोन बाईने उचलला की, "हे शेतावर गेलेत, रात्री करा," एवढंच ऐकू येतं. त्याच्या सोबतची पोरं तिथेच पुढचा नंबर लावतात. नंदू म्हणतो, "मला तुमचंच मत हवंय." पलीकडे शांतता. "माझं काय मत असणार?" इथे पाचव्या खान्यावर टिचकी मारून मोकळं होता येतं. हा थांबतो. "तरीही, तुम्हाला काय वाटतं?"

बीडकडच्या एका बाई अशा थांबण्यावर बोलत्या झाल्या त्या थांबेचनात. टँकर, मुलीची सुटलेली शाळा, खात्यात येणारे १५०० रुपये आणि ते कुणाच्या खिशात जातात ते. प्रश्नावलीत यातलं काहीच नव्हतं. सुपरवायझर काचेआडून हातवारे करत होता.

शेवटी बाईंनी विचारलं, "आता परत कधी विचारणार?"

नंदूला खोटं बोलता येत नाही. "नंबर कॉम्प्युटर काढतो, मावशी. तुमचा परत लागायची शक्यता नव्वद हजारांत एक."

"मग हे आधी सांगायचं ना," बाई म्हणाल्या, "भाकरी करपली माझी."