गॅलरी आत, ग्रिल बाहेर

शिमला-मनालीच्या सहलीत मराठी माणूस चंदिगडला अर्धा दिवस थांबतो आणि रॉक गार्डन बघून येतो. शेजारीच आर्किटेक्ट ल कॉर्बुझिएचं कॅपिटॉल संकुल आहे, २०१६ पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे, पण तिकडे फारसं कोणी फिरकत नाही. मला विचाराल तर आपलं काही चुकत नाही. रॉक गार्डन म्हणजे नेकचंद नावाच्या सरकारी रोड इन्स्पेक्टरने सरकारी जागेवर, कुणाला न विचारता, भंगारातून उभं केलेलं अनधिकृत बांधकाम. मिरा-भाईंदरकराला तिथं घरच्यासारखं न वाटलं तरच नवल.

आमच्याकडे फ्लॅटचा ताबा मिळाला की वास्तुशांतीच्या आधी दोन कामं होतात. गॅलरी आत घेतली जाते आणि ग्रिल बाहेर काढली जाते. माझ्या फ्लॅटच्या नकाशात ‘फ्लॉवर बेड’ असं लिहिलेली दीड फुटाची पट्टी आहे. तिथं आजवर फूल उगवलेलं नाही, माझ्या पलंगाचा पायाकडचा भाग आहे. ग्रिलमध्ये एसीचं धूड, पाहुण्यांची गादी, गणपतीचं मखर, मुलाची पहिली सायकल आणि तुळस. तुळशीला ऊन द्यायचं तर मखर सरकवावं लागतं, मखर सरकवलं की सायकल अडते. रोज सकाळी बायको हे कोडं सोडवते, मग पाणी घालते.

तर परवा रविवारी आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांचं काम बघायला निघालो. कोरिया म्हटलं की लोक कंबाला हिलच्या ‘कांचनजंगा’चं नाव घेतात. १९८३ ची इमारत, ३२ फ्लॅट, आणि ऊन-पाऊस थेट खोल्यांत येऊ नये म्हणून कोपऱ्यात दोन मजले उंचीची गॅलरी. आमच्याकडे त्या गॅलरीत वन बीएचके निघाला असता. पण ती रस्त्यावरूनच मान वर करून बघायची. आत चहाला बोलावणारं कोणी नाही.

म्हणून बेलापूर गाठलं. काशीमिऱ्याहून घोडबंदर रस्त्याने ठाणे, वाटेत गायमुखला ट्रकांच्या मागे निवांत चिंतन, मग पनवेल लोकल. पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी ‘आर्टिस्ट व्हिलेज’ आहे. ऐंशीच्या दशकात सिडकोसाठी कोरियांनी आखलेली वसाहत. सात घरांच्या मध्ये एक अंगण, तशा तीन गटांच्या मध्ये आणखी मोठं अंगण. प्रत्येकाला स्वतःचा तुकडा, साधारण ४५ ते ७५ चौरस मीटरचा. घरं बुटकी, कौलारू, गवंड्याला सहज बांधता येतील अशी. आणि दोन घरांत सामाईक भिंत नाही. कारण कोरियांनी गृहीतच धरलं होतं की माणसाचा पगार वाढेल, सून येईल, आणि तो घर वाढवेल. वाढवताना शेजाऱ्याच्या भिंतीला हात लागायला नको.

आमच्या बिल्डरनेही नेमकं हेच गृहीत धरलं होतं. माणूस वाढवणारच, म्हणून त्याने आधीच कमी दिलं.

गल्लीत आर्किटेक्चरची चार-पाच पोरं स्केचबुक घेऊन मूळ घर शोधत हिंडत होती. कारण बऱ्याच जणांनी कौलं उतरवून स्लॅब टाकलाय, मजले चढवलेत, दर्शनी भिंतीला टाइल्स आणि वर स्टीलचं रेलिंग. शेवटी एक कौलारू घर सापडलं. त्याला कुलूप होतं. पोरांनी त्याचेच पन्नास फोटो काढले, शेजारचा तीन मजली गुलाबी बंगला चौकटीत येणार नाही अशा बेताने. एक जण हळहळला, “सगळं बिघडवून टाकलंय यांनी.”

ओट्यावर मेथी निवडत बसलेल्या आजींनी मान वर केली. “बिघडवलं कुठं? वर थोरला राहतो, त्याच्या वर धाकटा. खाली आम्ही. तुझं घर केवढं रे?”

पोरगा गप्प. मीही गप्प, मला तर विचारलंही नव्हतं.

पुस्तकातल्या फोटोवरून घर ओळखायला आलेल्यांची ही अडचण असते. ज्याने आराखडा काढला त्याला बदल चालणार होता, भक्तांना चालत नाही. मला मात्र वेगळीच गोष्ट खटकली. म्हणजे आवडली. लोकांनी छप्परं बदलली, मजले वाढवले, पण मी फिरलो त्या गल्ल्यांमधलं मधलं अंगण कोणी आत घेतलेलं दिसलं नाही. एका अंगणात गाडी लावलेली होती, दुसऱ्यात पापड वाळत होते, तिसऱ्यात पोरांनी विटेवर वीट ठेवून स्टंप केले होते. सात घरांच्या सात दारांसमोर अंगण ढापायचं म्हणजे मोठं धैर्य लागतं. आमच्या सोसायटीत मोकळी जागा नावाला होती, नकाशात हिरवी रंगवलेली. ती कोणत्या रविवारी पार्किंग झाली ते कुणालाच आठवत नाही, कारण ती कुणाच्याच दारासमोर नव्हती.

रात्री घरी पोचलो तर लिफ्टशेजारी नवीन नोटीस. ज्यांनी ग्रिल बाहेर काढली आहे त्यांनी पंधरा दिवसांत आत घ्यावी, अन्यथा कारवाई होईल. खाली सचिवांची सही. त्यांची ग्रिल सव्वादोन फूट बाहेर आहे, मी मोजली आहे.