वजन ठेवल्याशिवाय हाड हलत नाही

पहाटे बीडच्या क्रीडा संकुलात निवृत्तांची फौज उतरली, की पायांपेक्षा जिभांचा व्यायाम जास्त होतो. पहिल्या फेरीत पेन्शन, दुसरीत सूनबाईंचा स्वभाव आणि तिसरी फेरी थेट चहाच्या गाड्यावर. एवढं करूनही डॉक्टर ‘हाडं ठिसूळ झालीत’ म्हणाले, की मंडळी दुखावतात. रोज चालतो की!

चालणं चांगलंच; पण रमतगमत चालण्याला हाडं फारशी दाद देत नाहीत. त्यांचा स्वभाव सरकारी कचेरीतल्या फायलीसारखा, वजन ठेवल्याशिवाय हलायचं नाही. जुलियस वोल्फ या जर्मन शल्यविशारदाने १८९२ साली अख्खा ग्रंथ लिहून हेच मांडलं: जसा भार, तशी हाडाची घडण. भार काढला तर काय होतं, ते अंतराळवीरांना विचारावं. पुरेसा व्यायाम नसेल, तर तिथे कंबरेच्या आणि मांडीच्या हाडांची घनता महिन्याला एक ते दीड टक्क्याने घटते. सोफ्यावर लोळून मालिका बघणाऱ्यांना या प्रवासाची थोडीफार गोडी घरबसल्या चाखता येते.

तिशीच्या आसपास हाडांची तिजोरी गच्च भरलेली असते. पुढे जमा कमी आणि खर्च जास्त. म्हणून भरणा लहानपणीच करावा. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे शाळेसाठी सहा किलोमीटर पायपीट करायचा. पुढे २०२३ च्या आशियाई स्पर्धेत त्याने तीन हजार मीटर स्टीपलचेस ८ मिनिटं १९.५० सेकंदांत जिंकली. या शर्यतीत अडथळे २८ आणि पाण्यावरच्या उड्या सात. साठीनंतर हा सराव मुद्दाम करू नये. पावसाळ्यात आपल्या रस्त्यांवर तो आपोआप घडतो.

भारानेच हाडं घडत असतील, तर ऊसतोडीच्या बायकांची हाडं पोलादाची हवीत, असं कुणी म्हणेल. उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणं म्हणजे भाराची कमालच. पण हाडाला भाराबरोबर खुराक आणि विश्रांतीही लागते, आणि फडात या दोन्हींची वानवा. त्यात २०१९ मध्ये सरकारी समितीपुढे आलेला जिल्ह्याचा आकडा: पाहणी झालेल्या ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं. त्याबरोबर बीजकोशही गेला, तर इस्ट्रोजेन आटतं आणि हाडं ऐन उमेदीत झिजू लागतात. या बायकांना व्यायाम शिकवायला जाऊ नये. त्यांच्या डोक्यावरची मोळी हलकी करावी, आणि शस्त्रक्रियेआधी दुसऱ्या डॉक्टरचं मत मिळेल एवढी सोय करावी.

व्यायामाची गरज आहे ती शहरातल्या सोफेवाल्यांना. हाताचा आधार न घेता खुर्चीतून दहादा उठावं-बसावं. भिंतीजवळ एका पायावर उभं राहावं. तोल सांभाळला तर पडणं टळतं, आणि म्हातारपणी खुबा मोडतो तो बहुतेक वेळा पडल्यामुळेच. किराण्याची पिशवी नातवाच्या हाती न देता स्वतः उचलावी. जागतिक आरोग्य संघटना ज्येष्ठांना ताकदीचे आणि तोलाचे व्यायाम आठवड्यातून किमान तीन दिवस करायला सांगते. त्यासाठी जिमची पावती फाडायला नको, बीडकरांना खंडोबाची टेकडी आहे.

ज्यांचं हाड एकदा मोडलंय किंवा पाठीला बाक आलाय, त्यांनी वाकण्याचे आणि उड्यांचे प्रकार टाळून आधी डॉक्टर गाठावा. बाकीच्यांनी उद्या सकाळी टेकडी गाठावी.