मरणाचे दप्तर
कॅप्लन आणि मायर या विद्वद्वयाने 1958 साली काळ सरेल तसे किती रुग्ण जिवंत उरतात हे दाखवणारी जी पायऱ्यापायऱ्यांची उतरती रेषा शास्त्राच्या स्वाधीन केली, ती आता ‘आर’ नामक संगणकप्रणालीत एका ओळीच्या हुकुमासरशी उमटत असल्यामुळे, सार्वजनिक आरोग्याच्या विद्यार्थ्याला मरण हा विषय भलताच सुखावह वाटू लागला आहे. सरावासाठी त्याच्या हाती पडते ते 228 फुप्फुसकर्करोग्यांचे दप्तर. त्यातील 165 मयतांपुढे 2 हा आकडा आणि शेवटच्या नोंदीपर्यंत तग धरलेल्या 63 जणांपुढे 1. (जिवंतपणाची किंमत नेहमी कमीच लागायची!) पुढची नोंद न देता निघून गेलेल्या रुग्णाच्या जाण्याचा त्याच्या मरणाशी काडीमात्र संबंध नाही, असे हे गणित बिनदिक्कत गृहीत धरते; विद्यार्थी मात्र त्याची चौकशी न करता, रेषेला तांबडा रंग द्यावा की निळा, या विवंचनेत असतो.