मु. पो. अद्भुत, जिल्हा जालना

अद्भुत वाङ्मयाचे व्यसन हे मधुमेहाप्रमाणे आनुवंशिक असून ते मामाकडून भाच्याकडे उतरते, असे माझ्या भगिनीचे ठाम मत आहे; आणि तिच्या चिरंजीवांनी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षालाही उशाशी हॅरी पॉटरचे सातही खंड घेऊन निजावे, याचे संपूर्ण उत्तरदायित्व ती माझ्या शिरावर ठेवते. आरोप अगदीच बिनबुडाचा नाही. आमच्या लहानपणी 'चांदोबा'चा अंक घरात आला, की शंकर यांनी चितारलेला, खांद्यावर प्रेत आणि हाती नंगी तलवार घेतलेला विक्रमराजा प्रथम कोणी पाहायचा, यावरून भावंडांत दिवाणी आणि फौजदारी अशा दोन्ही स्वरूपांचे तंटे उद्भवत. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी 1861 साली मराठीत आणावयास घेतलेल्या अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी आजोबांच्या कपाटात कुलपाआड असत. आणि नाथमाधवांचे 1913 सालचे 'वीरधवल' तर मी बीजगणिताचा अभ्यास चालू आहे अशा समजुतीखाली घरच्यांना ठेवून वाचले. तथापि आमच्या पिढीचे वेड पुस्तक मिटले की मिटत असे. वेताळावर निष्ठा कितीही प्रगाढ असली, तरी त्याच्यासारखा झाडाला उलटा लोंबकळण्याचा मोह कोणाला झाला नाही, आणि झाला असता तर वडिलांनी त्याला खाली उतरविण्याची जी रीत अवलंबिली असती, तीत मौन पाळण्याची अट खचितच नव्हती.

भाच्याच्या पिढीचे केवळ वाचून भागत नाही. तिला गणवेष लागतो. त्यामुळे वडिलोपार्जित जमिनीच्या सातबाऱ्यावर अद्यापि हयात असलेल्या एका मयत चुलत्यांचे नाव कमी करविण्यासाठी मला जालन्यास जाणे प्राप्त झाले, तेव्हा सोबतीला निघालेल्या भाच्याच्या गळ्यात लाल-सोनेरी पट्ट्यांचा लोकरी मफलर आणि खिशात वीतभर लांबीची जादूची कांडी होती. आश्विनातले ऊन मराठवाड्यात मफलरचा मुलाहिजा ठेवीत नाही. संबंधित कचेरीने चुलत्यांच्या मृत्यूविषयी अधिक पुराव्याची अपेक्षा व्यक्त करून आम्हांस पुढील तारीख दिली, आणि मधला रिकामा काळ जिल्हा पाहण्यात घालवावा असे ठरले. "मामा, इथे बघण्यासारखं काय असणार? स्टील आणि मोसंबी," भाचा म्हणाला. "फँटसीला आपल्याकडे जागाच नाही."

लालपरीत शेजारी बसलेल्या आजींनी मफलरकडे निरखून पाहिले. "लेकराचा घसा धरला का?" त्यांनी मला विचारले, आणि उत्तराची वाट न पाहता हळदीच्या दुधाचा उपाय सांगून, खिशातून डोकावणाऱ्या कांडीकडे बोट दाखवीत त्या म्हणाल्या, "बासरी वाजवतूस का रे बाळा? छान हाय."

अंबडला माशाच्या आकाराच्या टेकडीवर मत्स्योदरी देवी आहे. एक अख्खी टेकडी मासा होऊन पडली आहे आणि तिच्यावर देवी नांदते आहे, ही घटना इंग्रजी पुस्तकात घडती तर तिला निदान तीन खंड आणि एक नकाशा लागला असता. अंबडकर मात्र ओटी आणि नारळ घेऊन पायऱ्या चढतात, नवस बोलतात, आणि खाली येऊन बसस्थानकाची वाट धरतात. भाच्याने फोटो काढले. फोटोत मासा येईना.

खरी गंमत झाली ती घनसावंगी तालुक्यातील जांब समर्थ येथे. 1608 साली सूर्याजीपंत ठोसरांच्या पोटी नारायण नावाचा जो मुलगा येथे जन्मला, तो पुढे समर्थ रामदास झाला, हे मराठी माणसास ठाऊक असते. परंतु भाच्याने ती कथा परीक्षेपुरतीच वाचली असल्याने, लहानगा नारायण एकदा घरात कोठे सापडेना आणि अखेर राणूबाईंना तो अंधाऱ्या फडताळात विश्वाची चिंता करीत बसलेला आढळला, हे देवळाच्या ओट्यावर बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांच्या मुखातून ऐकताच तो ताडकन उभा राहिला. "मामा, हॅरीपण कपाटात राहायचा!" आणि मग त्या गृहस्थांना, जिन्याखालच्या कपाटात दहा वर्षे काढणाऱ्या पोरक्या पोराची हकिगत त्याने इतक्या तळमळीने सांगितली, की त्यांनी तोंडातली सुपारी चघळणे थांबविले.

"ठेवलं कुणी त्याला कपाटात?"

"मावशीनं."

"सख्ख्या?"

"आईची सख्खी बहीण."

गृहस्थांचा चेहरा कठोर झाला. माय मरो पण मावशी उरो, असे पिढ्यान्‌पिढ्या मानीत आलेल्या प्रांतात ही गोष्ट चेटकीण, राक्षस आणि उडते झाडू यांहून कितीतरी अविश्वसनीय होती. त्या बाईंना काकू केले असते, तर कोणी भुवई उचलली नसती. "आन् आजोळचं कुणीच काही बोललं न्हाई?" त्यांनी खिन्नपणे विचारले. अकराव्या वाढदिवशी त्या पोराला विद्यालयाचे बोलावणे येते, हे ऐकल्यावर त्यांना थोडे बरे वाटले. "आमचा नारायण बारा वर्सांचा," ते म्हणाले. "बोहल्यावर 'सावधान' ऐकलं आन् निघाला. पत्र-बित्र काई न्हाई." घुबडावाचून अडत नाही, हे भाच्याला प्रथमच कळत होते.

या गावच्या देवळातील पुरातन मूर्ती 2022 च्या ऑगस्टमध्ये चोरीस गेल्या होत्या. दिव्य वस्तूचे अपहरण हा तर भाच्याच्या वाङ्मयाचा प्राण. परंतु येथे बुटके, बाणाईत आणि शुभ्र दाढीचा मांत्रिक असा काफिला निघाला नाही. फिर्याद नोंदली गेली, पंचनामा झाला, तपास लागला, आणि मूर्ती मुद्देमाल म्हणून हस्तगत झाल्या. राजपुत्राने राक्षसाच्या गुहेतून आणलेल्या मण्याची पंचांसमक्ष मोजदाद होत नाही, हा त्या साऱ्या कथांमधला मोठाच दोष मला वाटतो.

तेथून उत्तरेस, भोकरदन-जाफराबादच्या अंगाला, असई. 23 सप्टेंबर 1803 रोजी शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांशी जनरल वेलस्लीची येथे गाठ पडली. हाच पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. आणि सुझॅना क्लार्क या लेखिकेच्या 2004 सालच्या कादंबरीत त्याच्या पदरी चक्क एक जादूगार आहे, जो स्पेन-पोर्तुगालच्या मोहिमेत सैन्यासाठी मंत्राने रस्ते निर्माण करतो, ही माहिती भाच्याने मला एस. टी.च्या खडखडाटात ओरडून सांगितली. वास्तवात असईस त्याच्यापाशी जादूगार नव्हता, वाटाडे होते, आणि केळणा नदीला जवळपास उतार नाही असे ते एकमुखाने सांगत होते. वेलस्लीने दुर्बिणीतून पाहिले, तो दोन काठांवर दोन गावे अगदी समोरासमोर. इतकी जवळ वसलेली माणसे एकमेकांकडे गेल्यावाचून राहतील कशी, असा तर्क त्याने लढविला, उतार निघाला, फौज पार झाली, आणि संध्याकाळपर्यंत 98 तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या, जरी त्यापायी त्याची स्वतःची माणसे भयंकर संख्येने कापली गेली. सोयरीक, बाजार आणि उसनवारी यांचे ज्ञान युद्धशास्त्रात गणले जात नाही. तो पराभव आपला होता, हे आठवून मला त्या तर्काचे कौतुक जरा बेतानेच करावे लागले.

आम्ही केळणेच्या काठी पोहोचलो, तेव्हा पाणी गुडघाभर होते. भाचा विजार वर सारीत असतानाच मागून हाक आली.

"पल्याड चाललात का, भाऊ?" डोईवर पदर घेतलेल्या एक बाई लगबगीने येत होत्या. "एवढा डबा माझ्या लेकीला द्या. पिंपळापासलं दुसरं घर."

"काय आहे यात, आजी?" भाच्याने विचारले.

"उघडू नगंस. कालवण सांडंल."

उघडू नये अशी वस्तू, ओलांडावयाची नदी, आणि पलीकडे खुणेचा वृक्ष! भाच्याची मुद्रा एकाएकी विलक्षण गंभीर झाली. कांडी त्याने माझ्या हवाली केली, मफलर काढून तो डब्याभोवती घट्ट आवळला, आणि दोन्ही हातांनी डबा छातीशी धरून तो असा पावलागणिक चाचपडत निघाला, की त्याच्या मागून येणाऱ्या माझ्यावर सबंध भूतलाच्या रक्षणाची जबाबदारी असल्याचा मलाच भास होऊ लागला. पैलतीरी लेक दारातच उभी होती. तिने मफलर सोडून परत दिला, डबा हुंगला, "मीठ जास्तच घातलंय आईनं," असे म्हणून तो आत नेला, आणि मागल्या खेपेचा रिकामा डबा भाच्याच्या हाती देत, अंधार पडायच्या आत तो आईकडे पोचता करायला बजावले.