जागरण आणि गोंधळ

ज्या सोसायटीत निवृत्त इंजिनिअर आहेत, तिथे एका तरी घरात सर्व्हर असतोच. सर्व्हर म्हणजे मुलीचा कॉलेजातला जुना डेस्कटॉप. त्याचं एका बाजूचं झाकण कायमचं काढलेलं असतं, कारण ‘आत हवा खेळली पाहिजे’. राउटर देवघराशेजारी असल्याने सर्व्हरही तिथेच. वर कागद चिकटवलेला: ‘मावशी, इथे ओलं फडकं नको.’

या घरातले काका एकदा सर्व्हरवाले झाले की बाकी सगळं गळून पडतं. कोणत्या कंपनीत होते, किती वर्षं होते, कोणी विचारत नाही. त्यांनी घरातल्या जुन्या व्हीसीडी एकेक करून संगणकात उतरवलेल्या असतात. एका व्हीसीडीत सव्वा तासाहून फारसं जास्त मावत नसे, म्हणून सिनेमा दोन तबकड्यांत यायचा. ते दोन तुकडे काकांनी जोडले, जोड दिसू नये म्हणून रात्री जागवल्या. ‘सिंहासन’, ‘सामना’, ‘पिंजरा’ सगळं ओळीत लागलं. पोस्टर, साल, कलाकार यांच्यासकट. ही माहिती, सर्व्हरवरचे सिनेमे टीव्हीवर दाखवणारं सॉफ्टवेअर स्वतःच बाहेरून शोधून आणतं. त्याने ‘पिंजरा’ला एकदा कुठल्याशा परदेशी तुरुंगपटाचं पोस्टर लावलं होतं. काकांनी ते बदलून संध्याबाईंना जागेवर बसवलं, आणि ही हकिकत सोसायटीच्या वार्षिक सभेत ‘आयत्या वेळचे विषय’मध्ये सांगितली.

सॉफ्टवेअरचे सगळे पंथ पाळून झालेले असतात. आधी प्लेक्स, मग एम्बी, आणि एम्बीचा कोड खुला राहिला नाही म्हणून 2018 च्या डिसेंबरात त्यातून फुटून निघालेलं जेलीफिन. ही फूट काका फार तळमळीने समजावतात. महाराष्ट्रात राहणाऱ्याला फूट एवढी समजावून सांगायची खरं तर गरज नसते.

काका सिनेमा मात्र पाहत नाहीत. आवाज आणि ओठ जुळतात का, एवढं पाहायला पहिली दोन मिनिटं लावतात आणि समाधानाने बंद करतात. सिनेमा ‘उपलब्ध’ आहे, यातच त्यांचं पोट भरतं.

दुःख एकच. संगणक झोपत नाही.

अर्ध्या तासाने झोपायचं, असं त्याला स्पष्ट सांगितलेलं आहे. तरी रात्री दोनला काका पाणी प्यायला उठतात तेव्हा देवघराशेजारी हिरवा दिवा जळत असतो आणि पंखा घरघरत असतो. साठेक वॅटचा संगणक चोवीस तास चालला तर दिवसाला जवळजवळ दीड युनिट, महिन्याला चाळीसच्या वर. महावितरणच्या घरगुती दराचा टप्पा 300 युनिटला बदलतो. बिलातले युनिट तीनशेच्या पुढे गेले की काका म्हणतात, “गीझर फार वेळ चालू राहतो.” काकू काही बोलत नाहीत. फक्त गीझरचं बटण बंद करताना देवघराकडे बघतात.

दोष संगणकाचा नाही, हे इथे सांगायला हवं. विंडोजमध्ये कुठल्याही प्रोग्रामला ‘माझं काम चालू आहे, झोपू नकोस’ अशी विनंती करता येते आणि विंडोज ती निमूट मानतं. सिनेमा अर्ध्यावर असताना पडदा काळा होऊ नये, यासाठी ही सोय. पण काम संपलं की विनंती मागे घ्यायची असते, आणि ती राहून जाते. काकूंनी सिनेमा मध्येच थांबवून टीव्ही रिमोटने बंद केला, तरी सर्व्हरच्या हिशेबी काकू समोरच बसलेल्या असू शकतात. शिवाय पोस्टरं आणणं, प्रसंगांची छोटी चित्रं काढून ठेवणं ही घरकामं असली सॉफ्टवेअरं बहुधा मध्यरात्रीनंतर उरकतात. प्लेक्समध्ये तर मुळातच 2 ते 5 ही वेळ लावलेली असते. म्हणजे काका पाणी प्यायला उठतात, नेमकी तीच.

विनंती कोणी केली हे शोधायची आज्ञा आहे: ‘पॉवरसीएफजी रिक्वेस्ट्स’. ती काळ्या खिडकीत द्यावी लागते आणि तीही ॲडमिनिस्ट्रेटर होऊन. निवृत्तीनंतर अधिकारी होण्याची एवढीच संधी उरलेली असल्याने काका ती रोज घेतात. उत्तरात आरोपींची नावं खात्यांनुसार येतात. पडदा कोणी जागा ठेवला, यंत्र कोणी जागं ठेवलं, आणि एक खातं ‘अवे मोड’चं. या अवस्थेत पडदा काळा, आवाज बंद, पण आत काम जोरात. झोपलेल्याला उठवता येतं, सोंग घेतलेल्याला नाही, हे आपल्याकडे आजीला ठाऊक होतं. मायक्रोसॉफ्टने त्याची रीतसर सोय करून दिली.

काकूंकडे साधा उपाय आहे: भिंतीवरचं बटण. त्यांनी तो एकदा केलाही. त्यावर काका दोन दिवस घरात फक्त डिस्कच्या आरोग्याबद्दल बोलले.

“अहो, पण चोवीस तास चालू हवाच कशाला?”

“न्यू जर्सीला रात्रीचे आठ म्हणजे आपले पहाटेचे साडेपाच. पोरीला ‘श्यामची आई’ बघावासा वाटला तर?”

या प्रश्नाला उत्तर नाही. उन्हाळ्यातले साडेपाच आणि हिवाळ्यातले साडेसहा, दोन्ही काकांनी राउटरवर लिहून ठेवलेत.

आणि मग एका रात्री संगणक झोपला. थांबवलेला सिनेमा बंद केला होता, घरकामांची वेळ दुपारी आणली होती, आरोपींच्या यादीत सगळीकडे ‘कोणी नाही’. हिरवा दिवा विझला. माझ्या मते काकांच्या आयुष्यातली ही सर्वांत वाईट रात्र. आता उठायचं कशासाठी? साडेतीनला त्यांनी जाऊन माउस हलवला. जिवंत आहे ना, एवढंच बघायला.

दुसऱ्या दिवशी रास्पबेरी पाय नावाचा क्रेडिट कार्डाएवढा संगणक घरात आला. त्याला काम दिलं: दर दोन मिनिटांनी सर्व्हरवरचा सिनेमांचा फोल्डर उघडून पाहायचा आणि सर्व्हर झोपला की काकांच्या फोनवर कळवायचं. फोनवर काही येईना. हिरवा दिवा पुन्हा रात्रभर. काका ॲडमिनिस्ट्रेटर झाले, आज्ञा दिली, आणि या वेळी उत्तर आलं की दूरच्या कुणीतरी नुकतीच या यंत्राकडे विचारणा केली आहे.

काकांचा चेहरा उजळला. त्यांनी लगेच न्यू जर्सीला फोन लावला.

“बाबा, आम्ही यूट्यूबवर बघतो हो. तुमचं ते मी कधी लावलंच नाही.”

“म्हणजे तू नाहीस,” काका म्हणाले आणि संशयितांच्या वहीतलं एक नाव खोडलं.

उरला संशय शेजाऱ्यांवर, म्हणजे आमच्यावर. आमच्याकडून कोणीतरी वायफायमध्ये शिरतंय, असं ठरलं. संध्याकाळी काकांनी अठरा अक्षरांचा नवा पासवर्ड लावला. टीव्ही गेला, दारावरची बेल गेली, रास्पबेरी पायही गेला. आणि अर्ध्या तासाने सर्व्हर शांत झोपला. काकांनी विजयी मुद्रेने काकूंपुढे पासवर्डची चिठ्ठी धरली.

काकू मोबाइलवर मालिका बघत होत्या. वर न बघता म्हणाल्या, “राहू दे. माझ्या फोनला शेजारच्यांचंच आहे. केव्हाचं.”